फुगलेल्या डब्याची पावती

"हात नको लावू. आधी हुंग."

गिऱ्हाईक वाकलं की पंचफुलाबाईचं पहिलं वाक्य हे. तिचं दुकान म्हणजे संग्रामपूरच्या आठवडी बाजारात निंबाखाली अंथरलेलं गोणपाट. त्यावर सुकटीचा ढीग, बोंबलांच्या जुड्या, कडेला खारवलेली मासोळी. गिऱ्हाइकानं मूठभर सुकट नाकाशी धरायची, मान हलवायची, मगच ती तराजू उचलायची. कुणी घाईत म्हणालं, "तुह्यावर इश्वास हाय वं बाई, टाक पटकन," तर ती हात आखडता घ्यायची.

"माह्यावर कायले इश्वास ठेवतं? मायबापानं तुले नाक देलं ना?"

तिचं स्वतःचं नाक लांब, सरळ आणि मोकळं होतं. चमकी नाही, खडा नाही. बायांनी विचारलं तर म्हणायची, "दुकानाच्या दारात कोणी खांब रोवते का?"

नवरा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये होता. शेगावच्या पुढं काम करताना उन्हानं गेला तेव्हा ती पंचविशीची होती. तेव्हा बिऱ्हाड शेगावातच होतं; त्याची भाकर घेऊन ती रोज स्टेशनावर जायची. मुंबईकडून आलेली सुक्या मासळीची पोती तिथं उतरायची, ते ती पाहत आलेली. तो गेल्यावर महिनाभरानं ती भाकर न घेता तिथं गेली आणि पोत्यांच्या रांगेतून फिरू लागली. एका पोत्याशी थांबायची, श्वास घ्यायची, पुढं जायची.

"बाई, पोतं न फोडता तुला काय कळतं?" मालधक्क्यावरच्या बाबूनं विचारलं.

"फोडून तं कोणालेही कळते, बाबूजी."

एसटीच्या टपावर पोतं चढवताना कंडक्टरशी भांडण ठरलेलंच. "ए बाई, तुह्या पोत्याचा वास येऊन राह्यला, प्याशिंजर बोंबलतात." "माह्या पोत्याले मासोळीचा येते, तुह्या गाडीले डिझेलचा येते. म्या काही म्हटलं का?"

हळूहळू संग्रामपूरच्या आसपास तिचं नाक हा सगळ्यांचा ऐवज झाला. तुपात डालडा आहे का, गोडेतेलात काही मिसळलंय का, पेरायला ठेवलेल्या भुईमुगाला आतून बुरशी आहे का, लोक वाटीत घालून तिच्याकडं घेऊन यायचे. तिच्या शेजारी मिरची विकणारा उकंडराव तिच्यावर चिडून असायचा, कारण एकदा त्याच्या तिखटाकडं न पाहताच ती बोलून गेली होती, "उकंडराव, आज इटभट्टीवाल्याकडून आले का? इटेचा वास येऊन राह्यला." तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या बाजाराला तिखट चोख होतं.

मी ही गोष्ट सांगते आहे ती सदुसष्ट सालच्या मे महिन्यातली. मी ती पाहिलेली नाही. आईनं, बापानं, आजीनं आणि खुद्द पंचफुलाबाईनं ती मला इतक्या वेळा सांगितली आहे, आणि सांगताना एकमेकांना इतकं खोडलं आहे, की कोण कुठं उभं होतं तेसुद्धा मला पाठ आहे.

त्या उन्हाळ्याच्या आधी खामगावकडून रामराव नावाचा एक एजंट बाजारात यायला लागला होता. त्याच्याकडं लांबच्या किनाऱ्यावरून आलेली, पत्र्याच्या डब्यात बंद केलेली मासोळी होती. डब्यावर निळा दर्या आणि उडी मारणारा मासा. पंचफुलाबाईनं पहिली पेटी घेतली तेव्हा आपल्या नियमाप्रमाणं एक डबा छिन्नीनं फोडला, हुंगला, चाखला आणि मान हलवली. माल चांगला निघाला. म्हणून मे महिन्यात रामराव आणखी दोन पेट्या घेऊन आला तेव्हा तिनं त्या न फोडता ठेवून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं न हुंगता माल घेतला. हातातलं होतं नव्हतं ते त्यात घातलं.

नव्या पेट्यांतले सात डबे बाकीच्यांसारखे नव्हते. वरून-खालून टम्म फुगलेले.

"हे असे काऊन?" तिनं उकंडरावाला विचारलं.

"भरले म्हणून. टरबूज घेतं तवा टम्म पाहून घेतं का बसकं?"

"टम्म."

"मंग? वांगं, ज्वारीचं कणीस, गाभणी म्हैस… भरलं थे फुगते. फुगलं थे चांगलं. एवढंही समजत नाही, अन् म्हणे नाक!"

तिला पटलं. आमच्याकडं कुणालाही पटलं असतं. तिनं ते सात डबे बाजूला काढले, ओल्या फडक्याखाली ठेवले. चांगल्या गिऱ्हाइकासाठी.

ते चांगलं गिऱ्हाईक म्हणजे माझी आजी गोजरबाई.

ती बाजाराच्या सकाळी उन्हं चढायच्या आत सायखेडहून चालत आली. सायखेड वान नदीच्या पल्याड, संग्रामपूरपासून दोन कोस. आली ती गोणपाटासमोर बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "पंचफुले, माह्यी सून सातव्यात हाय. तिले मासोळीचे डोहाळे लागले."

"मंग बस ना. सुकट देते."

"सुकट नाही म्हणते. बोंबील नाही म्हणते. ओली पाह्यजे म्हणते. वान कोरडी पडली, आता ओली मासोळी कुठून आणू? रात्रभर कूस बदलते, 'आत्याबाई, मासोळी' करते. उद्या डोहाळे अपुरे राह्यले अन् लेकराच्या तोंडाची लाळ जन्मभर गळत राह्यली तं?"

पंचफुलाबाई हसली. तिनं फडकं उचललं, सात डबे हातानं चाचपले, आणि त्यातला सगळ्यात टम्म निवडला.

"घे. ओलीच हाय. दर्याची."

आजीनं पदराची गाठ सोडली तशी पंचफुलाबाईनं तिचा हात दाबला. पोटुशीच्या डोहाळ्याला मासोळीवालीनं दाम घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. "तानूले सांग, पंचफुलानं देला. अन् पहिला घास तिनंच घ्यायचा, तुमी कोणी नाही."

"सांगते."

आजी डबा पदरात बांधून निघून गेली. त्या घरात वाट पाहत बसलेली तानुबाई ही माझी आई. आणि पोटात होते ती मी.

ऊन माथ्यावर आलं तशी बुलढाण्याची गाडी आली आणि बाजारात एकदम कुजबुज उठली. "भेसळवाले साह्यब आले!" दूधवाल्यानं कॅन नालीत उपडा केला. तेलवाल्यानं डबा गोणीखाली सरकवला. उकंडराव तिखटाच्या पोत्यावर धोतर पसरून बसला. निंबाखालचं एकच दुकान होतं तसं राहिलं. पंचफुलाबाई पंख्यानं माशा वारत होती. तिला कशाची भीती?

अन्न निरीक्षक नारायणराव मूळचे पुण्याकडचे. अंगकाठी बारीक, पांढरी पँट, हातात चामड्याची पेटी, नाकाला रुमाल. मासळीच्या दुकानासमोर थांबायचं म्हणजे त्यांना प्राणायामच होता. मागं शिपाई दयाराम. त्याच्या पिशवीत मेणबत्ती, लाख, सुतळी आणि पितळी शिक्का.

"हे काय आहे, बाई?"

"मासोळी, साह्यब. डब्यातली. घ्या, हुंगा…" आणि ती स्वतःच अडखळली. बंद डबा हुंगायचा कसा?

नारायणरावांनी एक फुगलेला डबा उचलला. अंगठ्यानं झाकण दाबलं. टक्‌ करून पत्रा आत गेला आणि टक्‌ करून परत वर आला.

"हा फुगलाय."

"फुगला नाही साह्यब, भरला हाय."

"भरलाय?"

"चांगला ठासून. असे सातच निघाले. म्या इकडे वेगळे ठेवले, चांगल्या गिऱ्हाइकासाठी."

दयाराम खुदकन हसला. नारायणराव हसले नाहीत. त्यांनी रुमाल खिशात घातला, म्हणजे आता काम सुरू.

"दयाराम, लाख काढ. बाई, आत माल सडला की त्यातून वायू सुटतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पत्रा फुगतो. हे विष आहे. हा सगळा माल सरकार जप्त करतंय."

"इष? म्या सोता खाल्ली हो थे मासोळी!"

"तो डबा असाच फुगलेला होता?"

"नाही. थो सपाट व्हता."

कायद्याला पंच लागतात. दोरखंडवाला पुंजाजी आणि उकंडराव यांना पंच म्हणून उभं केलं. उकंडराव तिखटाच्या पोत्यावरून उठायला तयार नव्हता. "पंच बसून नाही का होता येत, साह्यब?" शेवटी उठला, पोत्याकडं पाठ करून, दोन्ही पाय फाकवून उभा राहिला. नारायणराव लिहू लागले.

"सात म्हणालात. इथं सहा आहेत."

पंचफुलाबाईनं उकंडरावाकडं पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं.

"चुकून बोलली मी. सहाच व्हते."

"यातला एकही विकला नाही?"

"नाही."

साहेबांनी तसं लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. पुंजाजीनं मराठीत, उकंडरावानं अंगठा. मग शाईची डबी तिच्यापुढं आली. तिनं हात मागं घेतला.

"माह्या दुकानात हुंगल्याशिवाय कोणी काही घेत नाही. तुमी इष म्हणता. दाखवा. फोडा एक. मी हुंगते, मंग अंगठा."

"बाई, त्याची गरज नाही. वासावर सगळं कळतंच असंही नाही."

"तुमाले नसन गरज. मले हाय."

दयाराम कंटाळला होता. "फोडा ना साहेब, एकदा समजू द्या बाईला."

तिच्याच छिन्नीनं, बाजारापासून दहा पावलं लांब नेऊन, दयारामनं डब्यावर घाव घातला. फुस्स करून वारा सुटला आणि मागून करडं पाणी उसळलं. पुंजाजी तोंड धरून पळाला. साहेबांचा रुमाल बाहेर आला. पंचफुलाबाई मात्र वाकली. नाक डब्याजवळ नेलं. एक श्वास. मग तिथंच, धुळीत, ती हळूच खाली बसली.

"माय वं," ती म्हणाली. "तानू."

"काय झालं?"

"साह्यब, थो कागद खोटा हाय. फाडा."

उकंडराव धावला. तिच्या कानाशी लागला, पण आवाज त्याचा मिरची विकणाऱ्याचा, सगळ्यांना ऐकू गेला. "गप राह्य ना! कागदावर सहा लिवलं, सहाच राहू दे. सातवा सांगितला तं तुले कोर्टात उभी करतीन."

"अन् नाही सांगितला तं तानूले कुठी झोपवतीन?"

 ती नारायणरावांकडं वळली. "सहा नाही, सात. सातवा म्या देला. इकला नाही, देला. सातव्या महिन्याच्या पोटुशीले. माह्या हातानं, निवडून, सगळ्यात टम्म व्हता थो."

"कधी?"

"सकाळी."

"कुठे?"

"सायखेड. वानच्या पल्याड, दोन कोस."

नारायणरावांनी घड्याळ पाहिलं. दयारामनं त्यांच्याकडं पाहिलं. "साहेब, साडेचारची शेवटची गाडी. ती चुकली तर इथं मुक्काम. अन् इथले डास…"

साहेबांनी कागदावरचं एक वाक्य खोडलं, वर दुरुस्ती लिहिली, खाली सही केली. मग म्हणाले, "दयाराम, मेणबत्ती विझव. माल चौकीत ठेव आणि तू इथंच थांब. बाई, गाडी कुणाची मिळेल?"

"माह्यी रेंगी हाय," उकंडराव म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तिखटाचं पोतं तसंच उघडं टाकून तो बैल जुंपायला गेला. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, पळायला बरी आणि बसायला वाईट. त्यात पुण्याचे साहेब, मासळीवाली बाई आणि भेसळीचा संशयित, अशी तिघांची वरात सायखेडच्या रस्त्याला लागली.

 वाटेत नारायणराव म्हणाले, "बाई, कदाचित अजून उघडलाही नसेल."

"गोजरबाईच्या घरी डबा उघडायचं काही नाही," ती म्हणाली. "पण डोहाळे हायेत, साह्यब. डोहाळे कुऱ्हाड शोधतात."

इकडं आमच्या घरी नेमकं तेच चाललं होतं. डबा मधोमध, भोवती माणसं. माझा बाप भाऊराव शेतातून नुकताच आला होता. त्यानं आधी विळ्यानं करून पाहिलं. विळ्याचं टोक मोडलं. मग दगडानं ठेचलं. डबा घरंगळत चुलीपाशी गेला.

"चुलीत ठेव ना," आजी म्हणाली. "शेंग फुटते तसा फुटन."

"अन् फुटून तुह्या डोक्शात बसन."

"मंग जा, सुताराकडून वाकस आण. माणसानं दर्यातून मासोळी काढली, तुह्याच्यानं डब्यातून निघत नाही?"

बाप वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आणायला गेला, सुतार जेवत होता, त्यात वेळ गेला. ह्या वेळेचा मला फार अभिमान आहे. त्या सुताराला कुणी कधी काही म्हटलं नाही, पण त्यानं त्या दिवशी ताटावरून घाईनं न उठून फार मोठं काम केलं.

वाकस आला. बापानं घाव घातला. डब्यातून पिचकारी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर.

"पाह्य, पाह्य!" आजी हरखली. "कसा भरला व्हता! उसळी मारून राह्यला!"

आईनं पदर नाकाला लावला. "आत्याबाई, घाण येऊन राह्यली ना."

"दर्याचा वास असाच असते."

"तुमाले काय माहीत दर्या?"

"तुले माहीत हाय का? तोंड नको चालवू. लसणाची फोडणी देते, सगळा वास मरते."

आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यामुळं त्याचा खरा वास कसा, हे सांगायला घरात कुणी नव्हतं. आजीनं लोखंडी तव्यावर तेल टाकलं, लसूण ठेचला, मिरची टाकली, वर ती मासोळी परतली. पंचफुलाबाईचा निरोप तिला आठवत होता: पहिला घास तानूचा. तिनं एकच ताट वाढलं. भाकरीची चतकोर ठेवली. आई पाटावर बसली.

रेंगी वानच्या वाळूत रुतली. बैल बसायला लागले. उकंडराव शिव्या देत चाकाला खांदा लावत होता. पंचफुलाबाईनं उडी टाकली आणि पळत सुटली. चप्पल वाळूत राहिली. मेची दुपार, वानची वाळू. त्या दिवशी तळपायांना आलेले फोड तिला पंधरा दिवस पुरले.

"तानू! घास ठेव खाली! तानू!"

आवाज आधी आला, मग ती. अंगणातून सरळ चुलीपाशी. चुलीत हात घालून तिनं दोन ओंजळी राख काढली आणि आईच्या ताटात ओतली. तिसरी तव्यावर.

आजीच्या हातात फुंकणी होती. ती तशीच वर उचलली गेली. "सटवे! पोटुशीच्या ताटात राख?"

पंचफुलाबाईला ते ऐकूच गेलं नाही. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली होती. "खाल्लं का? खरं सांग. जिभेले लागलं का?"

"नाही."

"बोटं चाटली?"

"नाही. आताच तं वाढलं…"

तिला ते पुरेसं वाटलं नाही. तिनं आईचा उजवा हात घेतला आणि एकेक बोट नाकाशी धरून हुंगलं. मग तोंड हुंगलं. मग डावा हात. आई घाबरून रडायला लागली होती. दहाही बोटं हुंगून झाल्यावर पंचफुलाबाईनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"भाकरीचाच वास हाय," ती म्हणाली. "नुसता भाकरीचा."

मग तिला बापाचं तोंड दिसलं. "भाऊराव, थे काय उडालं तोंडावर? धू! राखेनं धू, अन् वठ मिटून धू!"

तोवर दारात नारायणराव उभे. पँट गुडघ्यापर्यंत वाळूनं माखलेली, धाप लागलेली.

"हे कोण आणखी?" आजीनं विचारलं.

"सरकार," पंचफुलाबाई म्हणाली. "तानूसाठी गाडी चुकवून आलं."

 सरकार आमच्या दारात यायचं ते नेहमी काहीतरी न्यायलाच. त्या दिवशीही ते न्यायलाच आलं होतं. राखेसकट तवा, चेपलेला डबा, ताटातलं सगळं साहेबांनी स्वतः गोळा करून फडक्यात बांधलं. आजीला एकच चुटपूट. "तवा परत भेटन का, साह्यब?"

"तवा घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन इथंच ठेवू, आजी. आधी मला पाणी द्या."

आजी उठली नाही. तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "आमच्या घरचं चालते का तुमाले?"

"आजी, घसा सुकलाय हो," नारायणराव म्हणाले, आणि स्वतःच माठापाशी जाऊन बसले. बापानं पितळी गडवा भरून दिला. ते दोन गडवे प्याले. आजी पुढं आयुष्यभर सांगायची, "दोन. म्या मोजले."

सगळं शांत झाल्यावर आई हळूच म्हणाली, "मंग आता मासोळी नाहीच का?"

 मग पंचफुलाबाई जी हसली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कमरेची पिशवी सोडली. सुकट होती मूठभर. निखाऱ्यावर परतली, वर कच्चा कांदा, तिखट. ते तिखट उकंडरावाच्या पुडीतलं. तो रेंगी वर काढून नुकताच टेकला होता. "चोख हाय ना?" तिनं विचारलं. "माय शपत," तो म्हणाला, आणि साहेबांकडं पाहून लगेच पाणी मागितलं.

"घे. हुंग आधी," ती आईला म्हणाली.

आईनं हुंगलं. पहिला घास तिनं खाल्ला, मग सगळ्यांनी. साहेबांपुढं भाकर, ठेचा आणि ताक. आजीनं सुकटीची वाटी त्यांच्याकडं सरकवली तसा रुमाल पुन्हा नाकावर गेला. "हे मात्र नको, आजी. सरकारची एवढी तयारी नाही." दिवेलागणीच्या आत उकंडरावानं त्यांना संग्रामपूरला पोचवलं. रात्र त्यांनी चौकीतल्या बाकावर, दयारामच्या टोमण्यांत आणि डासांत काढली.

पुढं खामगावच्या एजंटावर खटला झाला. पंचफुलाबाई साक्षीदार. एजंटाच्या वकिलानं तिला विचारलं, "बाई, तुम्हाला वासावरून माल खराब कळला म्हणता. तुमचं नाक काय सरकारी यंत्र आहे?"

"सरकारी नाही," ती म्हणाली. "म्हणून तं त्या दिवशी डब्याचं झाकण पाहून फसलं. यंत्र माह्यं चांगलं व्हतं, म्या वापरलंच नाही. चूक माह्यी हाय, लिवून घ्या. पण मले माहीत नोयतं. याले माहीत व्हतं." आणि रामरावाकडं बोट. त्याला शिक्षा झाली. तिला समज देऊन सोडलं. उरलेले डबे कोर्टाच्या हुकमानं चुन्याच्या खड्ड्यात गेले.

तिचं भांडवल त्या खड्ड्यात गेलं, पण ह्याबद्दल तिच्या तोंडून मी एकदाही हळहळ ऐकली नाही. शेगावच्या मालधक्क्यावरून तिनं पुन्हा उधारीवर पोतं उचललं आणि पुन्हा निंबाखाली बसली. नारायणराव जिल्ह्यात होते तोवर बाजारात आले की आधी निंबाखाली यायचे.

"काय बाई, आज नाक काय म्हणतं?"

"उकंडराव चोख. दूधवाल्याकडं जाऊन या."

त्यांची बदली झाली तेव्हा तिनं त्यांना द्यायला काही शोधलं. सुकट तर देता येईना. शेवटी वानच्या वाळूत पिकलेलं एक टरबूज दिलं. "टम्म हाय," ती म्हणाली, "पण ठोकून, हुंगून आणलं. बिनघोर खा." साहेबांनी ते मांडीवर घेऊन बुलढाण्यापर्यंत नेलं असं दयाराम सांगायचा.

जप्तीच्या पंचनाम्याची नक्कल तिला मिळाली होती. तिला वाचता येत नव्हतं. पण खोडलेली ओळ कोणती आणि वर लिहिलेली दुरुस्ती कोणती, ते तिला ठाऊक होतं. तो कागद तिनं घरी तसबिरीमागं खोचून ठेवला होता. दर वर्षी बाजारात मला पाहिलं की म्हणायची, "तुह्या जन्माचा दाखला माह्याजवळ हाय." मला वाटायचं, गंमत.

मी सहा वर्षांची झाले. बाप मला शाळेत घालायला घेऊन गेला. हेडमास्तर पंजाबराव गुरुजींनी पेन उघडलं.

"जन्मतारीख?"

"पावसाळ्यात झाली, गुरुजी."

"कोणत्या?"

"मोठ्या."

"एक जून लिहितो," गुरुजी म्हणाले. आमच्या गावात सगळ्यांचा जन्म एक जूनचा. ते लिहिणार, तेवढ्यात दारात पंचफुलाबाई. ती सायखेडला सुकट विकायला आली होती, आणि मला शाळेत घालणार हे तिला आजीकडून कळलं होतं.

"थांबा, गुरुजी. एक जून कायले? पोरीची तारीख हाय." तिनं चोळीतून घडी केलेला कागद काढला.

गुरुजींनी चष्मा लावला. "बाई, ही तर जप्तीची पावती आहे. नासलेली मासळी."

"हाव. वरचा दिवस वाचा."

"सोळा मे एकोणीसशे सदुसष्ट."

"थो बाजार सोडून पुढचे मोजा. नववा बाजार. नवव्या बाजारच्या दिवशी पाऊस व्हता, बाजार उरकून तानूले पाहाले निघाली तं मी वानच्या अलीकडं अडकली, पल्याडून भाऊराव वरडला, 'पंचफुलाबाई, आज पोरगी झाली!' म्या तिथूनच इचारलं, 'लाळ गळते का?' थो म्हणे, 'नाही!' एकही बाजार म्या चुकवला नाही, गुरुजी. नववाच."

गुरुजींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं, मग बोटांवर आठवडे मोजले. मेचे, जूनचे, जुलैचे. दोनदा मोजले. मग रजिस्टरात लिहिलं, शाई वाळू दिली आणि कागद घडी करून तिला परत दिला.

ती बाहेर आली. मला जवळ ओढलं, माझं डोकं हुंगलं, जसं ती सगळं हुंगायची. "चोख," म्हणाली, आणि टोपली उचलून पुढच्या घराकडं गेली.

आमच्या वर्गात बत्तीस पोरं होती. एकतीस एक जूनची. एकटी मी अठरा जुलैची.